ड्रायव्हर साइड

ज्या गाडीत जन्मात कधी कंडक्टर बसला नाही, तिलाही आमच्याकडे कंडक्टर साइड असते. जीप असो, मारुती असो, नाहीतर नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी असो. उजवी ती ड्रायव्हर साइड आणि डावी ती कंडक्टर साइड. आम्ही सगळे एसटीच्या वर्कशॉपात अप्रेंटिस म्हणून घासून निघालेले लोक. तिथं जी भाषा तोंडात बसली ती मरेपर्यंत सुटत नाही. डावं-उजवं म्हणणाऱ्या मेकॅनिकला आमच्यात मास्तर म्हणून चिडवतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या दोन शब्दांमुळे झालं, अशी मी कितीतरी दिवस स्वतःची समजूत घालत होतो. शब्द बिचारे कोणाचं काय वाकडं करणार? जे केलं ते मी केलं.

माझं नाव श्याम. बडनेऱ्याला माझं गॅरेज आहे. वय सत्तावन्न, वजन पंचावन्न किलो आणि डोकं कायम तापलेलं. गिऱ्हाईक म्हणतात, श्यामभाऊ तोंडाचा कडू आहे पण हात सोन्याचा आहे. त्यातलं अर्धं सोनं देवमनचं होतं, हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही.

देवमन माझा आयटीआयपासूनचा दोस्त. त्याचे वडील इथंच बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन होते, माझे बाळापूरकडे शेती करायचे. अमरावतीच्या आयटीआयमध्ये आम्ही एका बेंचवर बसलो. लेथच्या प्रॅक्टिकलमध्ये तो पहिला आला आणि मी नापास झालो. पुढचे चार महिने त्याने मला मशीनवर उभं करून, डोक्यात टपल्या मारून शिकवलं, तेव्हा कुठे मी दुसऱ्या खेपेला निघालो. मग तो अकोल्याला गेला. एमआयडीसीत लेथ टाकली, पुढे मिलिंग मशीन आणलं. अकोटच्या कापसाच्या जिनिंगचे रोलर त्याच्याकडे यायचे, आणि जे काम बाकी कोणाला जमणार नाही असं माझ्या गॅरेजात निघायचं, तेही त्याच्याकडेच जायचं. त्याच्याकडून आलेल्या वस्तूला मी पस्तीस वर्षांत कॅलिपर लावला नाही. एकदा गंमत म्हणून त्याच्यासमोरच लावायला गेलो, तर हातावर फटका मारून म्हणाला, “मोजाचंच असंन तं दुसऱ्याकून करून घेत जाय बे.”

गेल्या दिवाळीनंतर गजेंद्रभाऊंची गाडी माझ्याकडे आली. गजेंद्रभाऊ म्हणजे अकोटचे मोठे जिनिंगवाले. त्यांचे वडील नत्थुजी एकदा कापसाच्या कामाने मुंबईला गेले होते, तेव्हा कोण्या परदेशी साहेबाकडून त्यांनी ही गाडी घेतली. इटलीची, दोनच सीटा, इंजिन सीटच्या मागे, स्टिअरिंग डावीकडे, रंग शेंदरी. दोन-चार वर्षं फिरवून नत्थुजींनी ती सरकीच्या गोदामात झाकून ठेवली. गजेंद्रभाऊंना पन्नाशीत शौक लागला. ते तिला क्लासिक म्हणायचे. आम्हाला ती जुनी गाडी. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी अकोला ते अमरावती अशी जुन्या गाड्यांची रॅली होती, आणि तिच्यात आपली गाडी सगळ्यांत पुढे असावी, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

इंजिन मी महिन्याभरात बोलतं केलं. पण क्लच सोडला की मागून टक्क आवाज यायचा, आणि साठच्या वर गेलं की गाडी हिवताप आल्यासारखी थरथरायची. सीव्ही जॉइंट संपले होते. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, म्हणजे एक्सल, त्याच्या दोन्ही टोकांना हे सांधे असतात. चाक खड्ड्यात खालीवर होतं, दांडा तिरपा होतो, तरी फिरणं एकसारखं राहतं ते त्यांच्यामुळे. आतल्या सांध्याला आत-बाहेर सरकायला दोन बोटं जागा असते. चाक वर उचललं गेलं की दांडा तेवढा आत जातो. ती जागा उरली नाही तर दांडा थेट गिअरबॉक्सच्या पोटात घुसतो.

परदेशात तीन ठिकाणी विचारलं. एकाकडे माल नव्हता, एकाने एप्रिल सांगितलं, तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. मग मी भंगाराच्या बाजारात गेलो आणि दोन दिवस कॅलिपर घेऊन उकिडवा बसलो. मारुती एस्टीमचे सांधे नजरेत भरले. इंजिनाची ताकद साधारण तेवढीच, गाडी मात्र या शेंदरीपेक्षा जड. म्हणजे सांधे आरामात टिकणार. अडचण दात्यांची होती. चाकाकडचे दाते इटलीचे आणि सांध्यातले मारुतीचे, ते काही एकमेकांत बसेनात. मी देवमनला फोन केला.

“मंजे सोयरिक जमवाची हाय म्हन की,” तो म्हणाला. “पोरगी इटलीची अन् पोरगं गुडगावचं. जुने एक्सल अन् नवे सांधे, दोनी पाठवून दे. पाहतो.”

चार दिवसांनी त्याचा फोन आला. दाते जमत होते. दांडा मात्र चांगल्या पोलादाचा नवाच करावा लागणार होता, आणि नव्या सांध्यांची खोली वेगळी असल्यामुळे लांबी गाडीवरच मोजायला हवी होती. मी सांधे मागवून घेतले, जागेवर धरून मोजलं आणि परत पाठवून दिले. गिअरबॉक्स जरा डावीकडे सरकलेला होता, त्यामुळे डावा एक्सल उजव्यापेक्षा पाच सूत आखूड हवा होता. आठ सुतांचा एक इंच होतो, म्हणजे फरक अर्ध्या इंचाहून थोडा जास्त. नुसत्या डोळ्यांना पटकन कळतही नाही.

मी माप सांगायला फोन केला तेव्हा गजेंद्रभाऊ माझ्या डोक्यावर उभे होते. रॅलीला बारा दिवस राहिले होते आणि ते दर पाच मिनिटांनी ‘अजून किती’ म्हणून विचारत होते. त्या गाडीत डावीकडे बसून, डावीकडचं स्टिअरिंग धरून मला तोवर दोन महिने झाले होते. मी म्हणालो, “ड्रायव्हर साइड पाच सूत कमी घे.”

“मंजे उजवी कमी ना?” देवमनने विचारलं.

त्याने विचारलं होतं. हे मी कुठेच लपवत नाही, निदान इथं तरी. त्याने ती गाडी कधी पाहिली नव्हती. तिचं स्टिअरिंग कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. आणि मी काय म्हणालो? “अबे ड्रायव्हर साइड मंजे ड्रायव्हर साइड! एवढी वर्सं झाली, आता काय अआईपासून शिकवू तुले?” गजेंद्रभाऊ हसले. त्यांना हसवल्याचं मला बरंही वाटलं.

एक्सल आले ते पाहून माझे डोळे निवले. सांधे भरलेले, ग्रीस घातलेलं, रबरी टोप्या आवळलेल्या, दाते असे की नखही अडकू नये. एकावर पंचाने ‘डा’ ठोकलं होतं, दुसऱ्यावर ‘उ’. डा डावीकडे, उ उजवीकडे. यात डोकं कशाला चालवायचं? कॅलिपर समोर खिळ्याला टांगलेला होता. तो तिथंच राहिला. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली, त्यामुळे आतल्या सांध्याला भरपूर जागा होती आणि एक्सल लोण्यासारखे बसले. मी एकट्यानेच नव्या कोऱ्या हायवेवर ट्रायल घेतली. पंचावन्न किलोचा माणूस आणि गुळगुळीत रस्ता. टक्क आवाज गेला, थरथर गेली. मी देवमनला फोन करून म्हणालो, “सोयरिक जमली बे!” तो नुसता हसला.

रॅलीच्या दिवशी गजेंद्रभाऊंनी फेटा बांधला होता. शेजारी त्यांची मुलगी आचल, मोबाइल हातात धरून सगळं लोकांना लाइव्ह दाखवत होती. अकोल्याहून गाडी खरंच सगळ्यांत पुढे निघाली. मी मागून माझ्या जीपमध्ये होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक बेढब स्पीडब्रेकर आहे, पट्टे नाहीत, काही नाही. गजेंद्रभाऊ शंभर किलोचे, बसलेले डावीकडे. गाडी त्यावरून उडाली, आदळली, आणि असा खाडकन आवाज आला की मी जीपमध्ये असून मला ऐकू आला. पुढे पंधरा-वीस पावलं ती आपल्या गतीने गेली आणि थांबली. खाली काळं तेल पसरलं. मागच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत बाजूने निघून गेल्या. गावातली पोरंटोरं जमली आणि फेटा बांधलेल्या गजेंद्रभाऊंचे फोटो काढायला लागली. त्यांनी फेटा काढून सीटवर आपटला.

संध्याकाळी गाडी टेम्पोवर टाकून बडनेऱ्याला आणली. डावा एक्सल काढला तर गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं कवच फुटून बोटभर तुकडा निघालेला. सांध्याच्या बुडाला ठोका बसल्याचा चपटा डाग. मग मी खिळ्यावरचा कॅलिपर काढला. ‘डा’ लिहिलेला एक्सल पाच सूत जास्त होता. ‘उ’ लिहिलेला पाच सूत कमी. दोन्ही मापं बरोबर, फक्त बाजू उलट्या. ते दोन एक्सल हातात धरून मी उभा होतो आणि माझं मलाच ऐकू येत होतं: ड्रायव्हर साइड मंजे ड्रायव्हर साइड. सगळं एका क्षणात कळलं. मला कळलं नव्हतं, असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

गजेंद्रभाऊ मागे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, “कोनाची चूक?”

विचार करायलाही वेळ लागला नाही, याचंच मला आज जास्त वाईट वाटतं. मी म्हणालो, “लेथवाल्याची. माप उलटं केलं त्यानं.”

“तोच ना, देवमन? आमचे रोलर करते तो?”

“हो.”

“मले वाटलंच होतं,” गजेंद्रभाऊ म्हणाले. “हे कोट्यातले लोक. सर्टिफिकेट सरकार देते, अक्कल कोन देईन?”

आयटीआयमध्ये पहिला कोण आला होता आणि नापास कोण झाला होता, हे त्या गॅरेजात फक्त मला माहीत होतं. माझ्या हातात चहाचा कप होता. मी चहा प्यायलो. गजेंद्रभाऊंनी माझ्यासमोरच जिनिंगच्या मॅनेजरला फोन लावला आणि सांगितलं की उद्यापासून त्या अकोल्यावाल्याकडे एकही रोलर जाणार नाही, आणि बाकीच्या जिनिंगवाल्यांनाही सांगून ठेव. अकरा वर्षांचं काम होतं ते. त्या कामावर देवमनचं मिलिंग मशीन उभं होतं. फोन चालू असताना मी हात वर करून एवढंच म्हणायचं होतं, भाऊ, थांबा. मी कप विसळून ठेवला.

घरी माधवीने, माझ्या बायकोने, दोन दिवस वाट पाहून विचारलं, “देवमनभाऊचा फोन काहून नाही आला? तुमीच करा ना.” मी तिच्यावर असा खेकसलो की ती भाजीची टोपली तिथंच ठेवून आत निघून गेली.

त्याचा फोन खरंच आला नव्हता. एकदाही नाही. तो आला असता, त्याने मला शिव्या घातल्या असत्या, तर मी उलट चार शिव्या घातल्या असत्या आणि त्या भांडणात खरं बाहेर पडलं असतं. आमची सगळी भांडणं तशीच मिटायची.

आठव्या दिवशी मी अकोटला गेलो. सांगायलाच गेलो होतो. बसमध्ये वाक्यं पाठ करत होतो. भाऊ, चूक माझी होती, माप मीच उलटं सांगितलं. एवढंच, दोन वाक्यं. जिनिंगच्या ऑफिसात गजेंद्रभाऊंनी मला खुर्ची दिली, आणि तिथं बसलेल्या दोघा पाहुण्यांना सांगायला लागले: “हे श्यामभाऊ. इटलीच्या गाडीले मारुतीचे सांधे बसवले या मानसानं! असं डोकं वऱ्हाडात दुसऱ्याचं नाही. लेथवाल्यानं घान केली, नाहीतं गाडी अमरावतीत पह्यली पोचली असती.” मग त्यांनी मला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथं झाकलेल्या आणखी तीन जुन्या गाड्या होत्या. म्हणाले, “ह्या बी तुमच्याच. दुसऱ्या कोनाचा हात मी लागू देनार नाही.”

मी ताडपत्री उचलून एकेका गाडीखाली वाकून पाहिलं, टायर दाबून पाहिले. आणि परत आलो. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला सांगत होतो की आज पाहुणे होते, त्यांच्यासमोर बरं दिसलं नसतं.

महिना गेला. कोइम्बतूरच्या कोण्या शौकिनाकडे गजेंद्रभाऊंना तसला जुना गिअरबॉक्स मिळाला. आता नवे एक्सल हवे होते, कारण त्या दणक्यात एक वाकला होता आणि दुसऱ्याचे दाते दुखावले होते. मी देवमनचं नाव टाळून अमरावतीत एकाकडे गेलो. त्याने दाते असे पाडले की सांधा त्यांच्यात खुळखुळत होता. दुसऱ्याने पोलाद जाळून टाकलं. ज्याला अक्कल नाही असं मी मुकाट ऐकून घेतलं होतं, त्याच्याशिवाय ते काम करणारा माणूस दोन जिल्ह्यांत नव्हता. निलाजरेपणाने मी सकाळची पॅसेंजर पकडून अकोल्याला गेलो.

देवमनची मुलगी अपेक्षा दारातच बसून काही घासत होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ती बापाच्या हाताखाली काम करते. मला लांबून पाहिलं की ती आधी ‘काका आले’ म्हणून ओरडायची. आज तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि आत आवाज दिला, “बाबा, गिऱ्हाईक आलं हाय.”

रोलर ठेवायचा कोपरा झाडून काढलेला होता. मिलिंग मशीनला दोरखंड बांधलेले होते, उचलून न्यायला बांधतात तसे. देवमन लेथपाशी हात पुसत होता.

“या,” तो म्हणाला. “दोन ठिकानी फिरून आले ना तुमी?”

मी मागे वळून पाहिलं. माझ्या पाठोपाठ दुसरं कोणी आलंय असं मला खरंच वाटलं. मागे कोणी नव्हतं. पस्तीस वर्षांत त्याने मला कधी ‘तुमी’ म्हटलं नव्हतं. अबे, लेका, गधड्या, सगळं म्हटलं होतं.

“देवमन,” मी म्हणालो, “ते एक्सल पुन्हा लागून राहिले.”

“मालूम हाय.” त्याने खिशातून मोबाइल काढला, काही शोधलं आणि लेथच्या पाटावर ठेवला. त्यातून माझा आवाज आला. ड्रायव्हर साइड पाच सूत कमी घे. मग त्याचा. मंजे उजवी कमी ना? मग पुन्हा माझा, तो खेकसलेला, आणि त्याच्या मागे गजेंद्रभाऊंचं हसणं, अगदी स्पष्ट. त्याच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. मापं विसरायला नको म्हणून अपेक्षाने तशी सोय करून दिली होती.

अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघायला हवं? चुकलं, एवढं निघालं असतं तरी चाललं असतं. माझ्या तोंडून निघालं, “हे कोनाले ऐकवलं तं नाही ना?”

अपेक्षाच्या हातातली कानस थांबली.

देवमनने मोबाइल खिशात ठेवला. “हे पोरगी म्हनत होती, अकोटले जा, ऐकवून या. म्या नाही म्हटलं.”

“काहून?”

“पस्तीस वर्सं तुमी माया कामाले माप नाही लावलं. म्या तुमच्या बोलन्याले नाही लावलं. आता त्या मानसापुढं फोन वाजवून म्या तुमाले मोजू काय?” त्याने हात पुसायचं फडकं लेथवर टाकलं. “मले वाटलं, तुमी सोताच सांगसान. महिनाभर वाट पाह्यली. दर रोज वाटे, आज फोन येईन.”

“मी सांगतो ना. उद्याच जातो अकोटले. रोलरचं काम परत...”

“नका जाऊ. रोलर दुसऱ्याकडं गेले. हे मशीन सोमवारी घेऊन जानार हाय एक जन.” त्याने मिलिंग मशीनवर हात ठेवला. “तुमचं काम त्याच्याआधी करून देतो. यावरचं शेवटचं.” मग अपेक्षाकडून एक कागद घेऊन त्याने माझ्यासमोर धरला. “माप लेहून द्या. डावी किती, उजवी किती. खाली सही करा.”

मी लिहून दिलं. अक्षर पोराटोरासारखं आलं.

मी अकोटला गेलो नाही. त्याने नको म्हटलं म्हणून गेलो नाही, असं आता स्वतःला सांगतो. या नव्या समजुतीचा मला चांगला उपयोग होतो.

शनिवारी एक्सल आणायला गेलो. अपेक्षाने ते लाकडी पाटावर एकाशेजारी एक ठेवले होते. पहिल्यापेक्षाही सुबक. रागावलेल्या माणसाच्या हातून एवढं नितळ काम कसं होतं, हे मला या जन्मी कळणार नाही. माझ्या रागातून नुसते बोल्ट तुटतात. मी उचलून पिशवीत घालायला वाकलो, तर देवमनने त्याचा कॅलिपर माझ्यासमोर धरला. मूठ माझ्याकडे करून, परक्याला देतात तसा.

“मोजून घ्या, श्यामभाऊ.”

“देवमन, अरे...”

“मोजून घ्या.”

मी मोजलं. ती दोघं बापलेक समोर उभी होती. एक एक्सल मोजला, मग दुसरा, मग सांध्यांचं तोंड, मग दाते. केसाचाही फरक नव्हता. अपेक्षाने वही पुढे केली. तिच्यात लिहिलं होतं, ‘माप तपासून माल घेतला’. त्याखाली मी सही केली.

दारापर्यंत जाऊन मी थांबलो. या वेळी एक्सलवर काहीच ठोकलेलं नव्हतं, ना डा ना उ. मला माहीत होतं की आखूड तो डावीकडचा; आत्ताच तर स्वतःच्या हाताने मोजला होता. तरी काहीतरी बोलावं, त्याने एकदा, एकदाच ‘अबे’ म्हणावं, म्हणून मी वळून विचारलं, “अक्षरं नाही मारली या वेळी? ड्रायव्हर साइड कोनती ह्यातली?”

देवमनने माझ्याकडे पाहिलंही नाही.

“ज्या बाजूले तुमी बसता, ते,” तो म्हणाला आणि त्याने लेथ सुरू केली.